त्याग नव्हे, नुकसान

गेल्या पावसाळ्यात बऱ्हाणपूर येथील आमच्या कचेरीत एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ प्रतिज्ञापत्र करून घेण्यासाठी आले. मजकूर एका वाक्याचा होता. प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर ज्या आडनावात ‘ळ’ आहे आणि मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर ज्या आडनावात ‘ल’ आहे, ती दोन्ही आडनावे एकाच इसमाची असून तो इसम मीच आहे, एवढेच त्यांस शपथेवर सांगावयाचे होते. वडिलोपार्जित घराची वाटणी व्हावयाची होती आणि दोन आडनावांचा मेळ घातल्यावाचून कागद पुढे सरकत नव्हता.

त्यांनी आणलेले कागदांचे गाठोडे आम्ही सोडले. पणजोबांचे हिशेबाचे चोपडे मोडीत होते. वडिलांच्या हातचा भाऊबंदांमधील करारनामा बाळबोध मराठीत, वळणदार अक्षरात होता. गृहस्थांचे स्वतःचे सारे कागद, मॅट्रिकपासून निवृत्तीपर्यंतचे, हिंदीत होते. आणि परगावी असलेल्या नातवाने पाठविलेले मुखत्यारपत्र इंग्रजीत. घर तेच, भिंती त्याच, आणि त्या घराचे कागद वाचावयास चार माणसे लागावीत!

‘ळ’ चा ‘ल’ कसा झाला, असे आम्ही सहज विचारले. ते हसून म्हणाले, “नव्या शाळेत नाव घालताना कारकून म्हणाला, हे अक्षर इकडे नसते. मी अकरा वर्षांचा होतो. त्याला काय सांगणार?” गृहस्थ हसले, म्हणून आम्हीही शिष्टाचारापुरते हसलो. परंतु तो कारकून दुष्ट नव्हता आणि ते अक्षर ‘इकडे’ कालपरवापर्यंत होते, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे हसू टिकत नाही.

वाचकांपैकी पुष्कळांस बऱ्हाणपूर हे भुसावळहून तासाभरात लागणारे, केळ्यांचे व मागांचे गाव एवढेच ठाऊक असेल. ज्या गावाने खानदेशाच्या सुलतानांस राजधानी दिली, तेच आज खानदेशाबाहेर पडले आहे. येथील जुम्मा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानाने कोरविलेला लेख अरबीबरोबर संस्कृतातही आहे. एकाच दगडी इमारतीत दोन भाषांस जागा देणे त्या काळच्या राजाला जड गेले नाही, हे आम्ही पाहुण्यांस मुद्दाम दाखवितो. १७६० मध्ये, उदगीरच्या लढाईनंतर, गाव मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले आणि शेवटी इंग्रजांच्या मध्य प्रांतात निमाड जिल्ह्याची तहसील होऊन बसले. राजे बदलले तरी तापीच्या घाटावर कोणी कोणाची भाषा हिसकावून घेतल्याचे ऐकिवात नाही.

ते झाले १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आणि तेही एका सुष्ट कारणासाठी. तत्पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि १९५० च्या कायद्याने त्या राज्याच्या राजभाषा दोन होत्या, हिंदी आणि मराठी. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यास जोडले गेले, राजधानी भोपाळास गेली, नागपूरचे उच्च न्यायालय जबलपुरास गेले, आणि उरलेल्या राज्याची भाषा एकच झाली. सीमेवरील बऱ्हाणपूर, सौंसर, मुलताई, भैंसदेही या मुलखावरही मराठी पक्षाने हक्क सांगितला होता. तो मान्य झाला नाही. ३१ ऑक्टोबरच्या रात्री आमचे गाव दोन भाषांच्या राज्यात झोपले आणि सकाळी एका भाषेच्या राज्यात उठले. गोळी सुटली नाही, घर जळले नाही, कोणास उठवून कोठे नेले नाही. म्हणूनच या उलथापालथीला उलथापालथ म्हणण्यास आजवर कोणी धजले नाही.

अशा घटनेचा आघात सर्वांवर सारखा होत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. त्या दिवशी जो चाळीस वर्षांचा होता त्याचे शिक्षण झालेले होते, पोट चाललेले होते. त्याला फार तर गैरसोय झाली. जो पाळण्यात होता त्याला बदल कळलाच नाही. पण जो दहा आणि वीस वर्षांच्या दरम्यान होता, ज्याने एका भाषेत पाया घातला होता आणि भिंत दुसऱ्या भाषेत उभारावयाची होती, त्याच्या आयुष्याचा कोन त्या दिवशी बदलला. आमचे हे गृहस्थ चौथीपर्यंत वर्गात पहिले येत. वडिलांचा मनोदय त्यांस नागपुरास पाठवून वकील करावयाचा होता. नागपूर परक्या राज्यात गेले, हिंदीतील व्याकरणाने गुण खाल्ले, मुलगा वर्गाच्या मधल्या रांगेत आला आणि पुढे कापडगिरणीत कारकुनी करून निवृत्त झाला. राज्यपुनर्रचनेच्या कोणत्याही अहवालात ही नोंद नाही, कारण त्या रकान्यास नावच नाही.

एका कारकुनाच्या आयुष्यावरून सिद्धान्त काढू नये, असे कोणी म्हणेल. मान्य. म्हणूनच आम्ही वाचकांस क्षणभर चीनकडे नेतो, कारण आमच्याकडे जे बारीक अक्षरांत घडले ते तेथे भिंतीएवढ्या अक्षरांत घडले आहे आणि त्याचा शेवटही आता पाहावयास मिळतो. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीचा वणवा पेटला आणि तेथील विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा बंद पडली. २२ डिसेंबर १९६८ रोजी माओ त्से तुंग यांचा आदेश प्रसिद्ध झाला की, शहरांतील सुशिक्षित तरुणांनी खेड्यांत जाऊन गरीब शेतकऱ्यांकडून पुनःशिक्षण घ्यावे. पुढील बारा वर्षांत सुमारे एक कोटी सत्तर लाख तरुण-तरुणी शहरांतून उचलल्या गेल्या. कोणी ईशान्येच्या गोठलेल्या मळ्यांवर, कोणी अंतर्गत मंगोलियाच्या कुरणांत, कोणी युन्नानच्या रबराच्या बागांत. चौदापंधरा वर्षांची पोरे, जी वर्गात बीजगणित करीत होती, ती शेणखत वाहू लागली.

१९७७ च्या डिसेंबरात ती परीक्षा पुन्हा झाली. सुमारे सत्तावन्न लाख उमेदवार बसले, त्यांत बापलेकांच्या वयाचे अंतर असलेली माणसे एका बाकावर होती. प्रवेश मिळाला तो पावणेतीन लाखांच्या आसपास. उरलेल्यांचे काय? १९७८ च्या अखेरीस युन्नानमधील तरुणांनी संप केले, आम्हांस घरी जाऊ द्या, एवढीच त्यांची मागणी. ते घरी परतले तेव्हा तिशीला टेकले होते, हाती विद्या नव्हती, लग्ने लांबलेली. मिळेल त्या सरकारी कारखान्यात ते शिरले. आणि १९९० नंतरच्या दशकात ते कारखाने तोट्यात म्हणून माणसे कमी करू लागले, तेव्हा पहिली कुऱ्हाड यांच्यावरच पडली, कारण वय पन्नाशीकडे झुकलेले आणि शिक्षण अपुरे. म्हणजे पंधराव्या वर्षी झालेल्या अन्यायाचा दुसरा हप्ता त्यांनी पंचेचाळिसाव्या वर्षी भरला. काळ हे सर्व दुःखांवर औषध आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर पाहावा.

पण आमचे लक्ष वेधले ते यापुढच्या भागाने. १९८१ मध्ये चिनी साम्यवादी पक्षाने ठराव करून सांस्कृतिक क्रांती ही घोर चूक होती असे कबूल केले. चूक कबूल झाली. ज्यांचे वय त्या चुकीत खर्ची पडले त्यांचे देणे मात्र कोणाच्या खात्यावर चढले नाही. त्याऐवजी काही वर्षांनी एक गोंडस बोली निघाली की, आमच्या तारुण्याचा आम्हांस पश्चात्ताप नाही. स्मरणसोहळे झाले, जुन्या मळ्यांच्या सहली निघाल्या. आज त्या देशाचे सर्वोच्च पद भूषविणारे शी चिनफिंग हेही १९६९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, शेन्सी प्रांतातील ल्यांगज्याहे या खेड्यात पाठविले गेले होते आणि सुमारे सात वर्षे तेथे राहिले. त्यांची ती कथा आता घडणीची कथा म्हणून सांगितली जाते. जो तरला त्याचे चरित्र होते. जे बुडाले त्यांची खानेसुमारी होते, आणि तीही झाली तर.

आता आक्षेप येईल तो आम्हांस ठाऊक आहे. कोठे ती हद्दपारी, ती उपासमार, आणि कोठे तुमचा एक ‘ळ’! शिवाय हिंदी काय परकी भाषा आहे? लिपी तीच, देव तेच, रामायण तेच. या आक्षेपाचा पहिला भाग आम्ही बिनशर्त मान्य करतो. चिनी तरुणांच्या यातनांशी आमच्या गावाची बरोबरी करणे असभ्यपणाचे होईल आणि ती आम्ही करीत नाही. आम्ही जोडतो आहोत ती यातना नव्हे, तर तिच्या मागून येणारी भाषा. दुसऱ्या भागाविषयी मात्र आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आम्ही स्वतः हिंदीत शिकलो, हिंदीत वाद करतो, हिंदीवर आमचे प्रेम आहे. ही मराठी आम्हांस शाळेने दिलेली नाही. वडिलांच्या कपाटाने दिली, आणि तीत विद्वानांस चुका आढळल्या तर त्यांनी त्या कपाटाच्या माथी माराव्या. पण लिपी एक असल्यामुळेच ही झीज दिसली नाही. उर्दूचा मुलगा हिंदी शाळेत गेला तर अक्षर बदललेले निदान डोळ्यांस दिसते. आमचे मूल मराठी फलक वाचू शकते, गणपतीची आरती मोठ्याने म्हणते, म्हणून भाषा जिवंत आहे असे आपण समजतो. त्याच मुलास मराठीत चार ओळींचे पत्र लिहावयास सांगा.

आमच्या लहानपणी मंदिराच्या ओट्यावर या विषयाची गोष्ट निघे तेव्हा कोणी वडीलधारा हमखास म्हणे की, अहो, तो आमच्या पिढीचा त्याग होता. देशाची घडी बसावी म्हणून कोणी तरी सोसावे लागते. हा शब्द आम्ही शेकडो वेळा ऐकला आणि वकिली करू लागल्यावर तो आमच्या घशात अडकू लागला. कायद्यास दान आणि संपादन यांतील भेद चांगला कळतो. दान देणाऱ्याच्या इच्छेने होते. संपादन घेणाऱ्याच्या हुकमाने होते आणि त्यापोटी भरपाई द्यावी लागते. अकरा वर्षांच्या पोराने कोणता त्याग केला? त्याला कोणी विचारले होते? ज्याच्याकडून घेतले गेले त्यास त्यागी म्हणणे ही घेणाऱ्याची सोय आहे. चीनमधील ‘पश्चात्ताप नाही’ आणि आमच्या ओट्यावरील ‘त्याग’ हे सख्खे भाऊ आहेत.

आणि भरपाईची कल्पना त्या काळी अपरिचित होती, असेही नाही. याच मध्य प्रदेशाने १९५० चा कायदा करून ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपविली, तेव्हा मालगुजारांस भरपाई दिली. जमीन गेली त्याला मोबदला मिळाला, आणि तो मिळू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण जमीन फिरून विकत घेता येते. अकरा ते सतरा ही सहा वर्षे कोणत्या बाजारात मिळतात?

राज्यघटनेने काहीच केले नाही, असे म्हटल्यास ते खोटे होईल. सातवी घटनादुरुस्ती १ नोव्हेंबर १९५६ रोजीच अमलात आली आणि तिने ३५० अ व ३५० ब ही दोन कलमे घातली. जखम व मलम एकाच दिवसाची. परंतु मलमाची डबी उघडून पाहू. ३५० अ सांगते की, भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिकविण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा. ‘प्रयत्न’ या शब्दाविरुद्ध दावा लावणे किती अवघड हे आमच्या व्यवसायबंधूंस सांगावयास नको. आणि ‘प्राथमिक’ हा शब्द तर आमच्या गृहस्थांच्या नेमका पायाखालचा दगड काढून घेतो, कारण त्यांची चौथी मराठीतच झाली होती, प्रश्न पाचवीचा होता. ३५० ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी दिला. त्याचे काम चौकशी करून राष्ट्रपतींस अहवाल देण्याचे. तो संसदेपुढे ठेवला जातो. अहवाल ठेवता येतो, हुकूम देता येत नाही.

मोजमापाची गंमत तर आणखी पाहण्यासारखी. १९५६ च्या केंद्रीय निवेदनाप्रमाणे एखाद्या जिल्ह्यात सत्तर टक्के लोक दुसरी भाषा बोलत असतील तर तेथे त्या भाषेस राजभाषेचे स्थान देण्याचा विचार व्हावा. तहसिलीत वा नगरपालिकेत प्रमाण पंधरा-वीस टक्के असेल तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत निघाव्यात. बऱ्हाणपूर तहसील होती, जिल्हा निमाडचा. सीमेवरील तहसिलीतले मराठी माणूस उभ्या निमाडाच्या भागाकारात मीठ पाण्यात विरघळावे तसे विरघळले. म्हणजे फार तर घरपट्टी भरा ही सूचना आम्हांस आमच्या भाषेत मिळण्याचा मार्ग होता. ती पट्टी अन्यायाची आहे हे आमच्या भाषेत सांगण्याचा नव्हता. बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १५ ऑगस्ट २००३ रोजी. त्या वेळी १९५६ चे विद्यार्थी साठीच्या घरात होते, आणि साठीच्या माणसास कोणत्या वर्गात बसवावे याचे कलम घटनेत नाही.

आता आम्ही या मासिकाच्या वाचकांकडे वळतो. आपला समाज तरी हे ओळखील अशी अपेक्षा होती, कारण हुकमाने भाषा बदलण्याचा अनुभव आपल्याइतका जुना फार थोड्यांपाशी असेल. १६८४ मध्ये कोंद द आल्व्होर या पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांची मुदत घालून कोकणी टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम सोडला होता. त्याच्याही आधी, १५६० च्या सुमारास, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. मूर्ती रात्री नदीपार नेणाऱ्या त्या माणसांनी देवाबरोबर देवाची बोलीही नेली, म्हणून आज हे मासिक दोन भाषांत निघते. आणि फार मागे कशाला जावे? १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, त्या आनंदात पणजीच्या लायसियममध्ये सात वर्षे पोर्तुगीजमधून शिकलेला मुलगा इंग्रजी टिपणांच्या कचेरीत मुका होऊन बसला. त्याच्याविषयी हळहळण्यातही संकोच वाटे, कारण ते शिक्षण परक्या राजवटीचे. पण मुलाने राजवट निवडलेली नव्हती. न्याय्य घटनेमुळेही कोणाचे तरी नुकसान होते आणि घटना न्याय्य असल्याने ते नुकसान नाहीसे होत नाही; एवढे कबूल करण्याने मुक्तीला बाध येत नाही, आणि राज्यपुनर्रचनेलाही येत नाही.

आपल्या देवळांत महाजनपण पत्त्यावर ठरत नाही. मुंबईस, मंगळुरास, बंगळुरास राहणारा महाजन प्रियोळात वा कवळ्यात परका होत नाही. ज्या समाजाने देवाच्या दारी सीमारेषा मानली नाही, त्याने भाषेच्या दारी ती इतक्या निमूटपणे का मानावी? मुंबईत हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि ते तेथेच शोभते. बेळगावचा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो लढला जावा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांतला एकही तापी ओलांडून आमच्याकडे आला नाही, ही तक्रार क्षुल्लक आहे. खरी तक्रार ही की, तो यावा असे कोणास सुचलेही नाही.

याच भावनेने आम्ही दोन वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या विश्वस्तांस पत्र लिहिले होते. देवस्थानाचे नाव घेत नाही. ती माणसे सज्जन आहेत. विनंती तीनच गोष्टींची होती. सीमेवरील गावांत आठवड्यातून दोन संध्याकाळी मराठी लेखन-वाचनाचा वर्ग चालविणाऱ्या शिक्षकाचे मानधन द्यावे, पाचवीनंतर मराठी हा विषय घेऊ इच्छिणाऱ्या मुलांची यादी करून ती शिक्षणखात्याकडे व ३५० ब च्या अधिकाऱ्याकडे रीतसर पाठवावी, आणि १९५६ च्या विद्यार्थ्यांपैकी जे हयात आहेत त्यांच्या जबान्या त्यांच्याच मराठीत उतरवून घ्याव्यात. तिसरे काम घाईचे आहे. विश्वस्तांनी विनयाने उत्तर पाठविले की, विषय राजकारणाचा असल्याने देवस्थानास त्यात पडता येत नाही. सभामंडपाच्या नव्या फरशीसाठी आमची वर्गणी मिळाल्याची पोच त्याच लिफाफ्यात होती.

राजकारण कोणते ते विश्वस्तांनी एकदा ठरवावे. मुलाच्या हातची भाषा काढून घेणे हे राजकारण नव्हते, आणि ती परत द्यावी म्हणून खडूफळ्याचा खर्च मागणे हे राजकारण, असा जर न्याय असेल तर तो आम्हांस तरी कोणत्या ग्रंथात आढळलेला नाही. पत्र आम्ही या महिन्यात पुन्हा पाठवीत आहोत. या वेळी वर्गासाठी जागा आम्हीच देऊ केली आहे, आमच्या कचेरीची पुढची खोली, सायंकाळी सहानंतर.

त्या गृहस्थांचे प्रतिज्ञापत्र हिंदीत टंकलिखित झाले. सहीची वेळ आली तेव्हा त्यांनी विचारले, कोणत्या नावाने करू? आम्ही म्हटले, दोन्ही नावे आपलीच आहेत असे आपण आत्ताच शपथेवर सांगितले आहे. त्यांनी प्रथम ‘ल’ ची सही केली, ती सवयीची, भरभर. मग तिच्याखाली दुसरी केली. ‘ळ’ ची गाठ कोणत्या बाजूने सुरू करावी हे त्यांस आठवेना, म्हणून आम्ही वडिलांचा करारनामा पुढे ठेवला, आणि त्यावरून पाहून त्यांनी ते अक्षर काढले.